अर्धा डेटा गेला कुठे?

इंजिनिअरिंगच्या मासिकात हॅमस्टर कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण हा प्रश्न सॅम्पलिंगचा आहे, म्हणजे आपलाच! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे 'ग्रंथी' म्हणजे ग्लँड आणि 'चयापचय' म्हणजे मेटाबॉलिझम हे आधी मलाच पाठ करावं लागलं. तुम्हीही एवढं लक्षात ठेवा, पुढचं सोपं आहे.

उदाहरण घेऊ सोनेरी हॅमस्टरचं. त्याच्या डोळ्याच्या खोबणीत, मागच्या बाजूला हार्डेरियन ग्रंथी असते. योहान याकोब हार्डर या स्विस शास्त्रज्ञाने १६९४ मध्ये हरणात या ग्रंथीचं वर्णन केलं, म्हणून हे नाव.

नर आणि मादी दोघांतही ग्रंथीची जागा एकच. पण आतलं काम? मादीच्या ग्रंथीत पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य भरपूर साठतं. त्याचा कच्चा माल म्हणजे ग्लायसिन हे अमिनो आम्ल. ग्लायसिन आणि सक्सिनिल को-ए यांना जोडणारं एन्झाइम मादीत जास्त काम करतं. नराच्या ग्रंथीत पॉर्फिरिन अगदी कमी. उलट तिथे लिपिडचे, म्हणजे चरबीचे, मोठे थेंब असलेल्या पेशी दिसतात. मादीच्या पेशींत हे थेंब लहान असतात. थोडक्यात, कारखाना एकच, पण माल वेगळा!

मग याचा स्विच कुठे आहे? टेस्टोस्टेरॉन या हार्मोनमध्ये. नराचे वृषण काढले की त्याच्या ग्रंथीत पॉर्फिरिन वाढतं आणि मोठ्या थेंबांच्या पेशी कमी होतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की ग्रंथी पुन्हा नरासारखी होऊ लागते.

आता समजा, आपण दोघांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली. ती सरासरी ना नराची, ना मादीची! आणि फक्त नरच तपासले तर 'या ग्रंथीत पॉर्फिरिन जवळजवळ नसतंच' असं आपण खुशाल लिहून मोकळे होऊ.

असं खरंच घडत आलंय. २००९ च्या शोधनिबंधांच्या एका पाहणीत, मेंदूविज्ञानात फक्त नर प्राण्यांवरचे अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाच पट निघाले. कारण काय सांगायचे? तर मादीचं चार-पाच दिवसांचं हार्मोनचक्र आकडे बिघडवतं. पण २०१४ मध्ये उंदरांवरच्या २९३ शोधनिबंधांचा एकत्र हिशोब मांडला, तेव्हा माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले नव्हतेच!

हॅमस्टरची ग्रंथी म्हणजे माणसाचं शरीर नव्हे, हे मान्य. पण सवय तीच राहिली तर किंमत माणसं मोजतात. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाला अमेरिकेत १९९२ मध्ये मंजुरी मिळाली. स्त्रियांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवतानाही त्याचा अंमल राहू शकतो. म्हणून २०१३ मध्ये तिथे स्त्रियांसाठी साध्या गोळीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम करायला सांगितला गेला. मध्ये वीसहून जास्त वर्षं गेली! २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदान मागणाऱ्या संशोधकांना नर-मादी या घटकाचा विचार करणं बंधनकारक केलं.

आपल्यापैकी कितीतरी जण उद्या मेडिकल उपकरणं बनवतील, हेल्थचे अल्गोरिदम लिहितील. तेव्हा एकच करा. टेबलमध्ये स्त्री आणि पुरुष असे दोन वेगळे कॉलम ठेवा, आणि सरासरी त्यानंतर काढा. ते उपकरण कदाचित तुमच्याच आईच्या हाताला लावलेलं असेल.