सांडपाणी धानाच्या बांधीत सोडण्याआधी

सख्यांनो, उन्हाळी धानाला पाणी कमी पडलं की नजर नाल्याकडे जाते. पण नाल्याचं पाणी वेगळं, शुद्ध केलेलं सांडपाणी वेगळं. गाळ खाली बसवून, कर्दळीच्या वाफ्यातून गाळून, काही दिवस तळ्यात उन्हात ठेवलेलं पाणीच बांधीला घ्यावं. कारखान्याचं पाणी नकोच. त्यातला कॅडमियमसारखा जड धातू दाण्यात उतरतो.

हे लक्षात ठेवा :

१. या पाण्यात नत्र असतं. त्यावर नेहमीइतका युरिया टाकला तर धान नुसतं पानावर जातं, लोळतं, कीड वाढते. माती-पाणी तपासून युरिया कमी करा, तेवढे पैसेही वाचतील.

२. रोवणी आपणच करतो, तीही अनवाणी. अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतो अन् अंगातलं रक्त कमी करतो. गमबूट, हातमोजे घाला. साबणाने हात धुऊनच डबा उघडा.

३. कापणीच्या १०-१५ दिवस आधी पाणी तोडा.

पुढच्या बैठकीत ठराव घ्या आणि ग्रामपंचायतीकडे पाण्याचा तपासणी अहवाल मागा. एका लिटरमागे जंताचं एकापेक्षा जास्त अंडं नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अहवाल हातात येईपर्यंत बांधीचं तोंड उघडू नका!