पहाटे डोळे का उघडत नाहीत?

गजर वाजूनही जाग येत नाही म्हणून ‘आळशी’ ही पदवी तुमच्यापैकी अनेकांना घरी मिळाली असेल. ती देण्यापूर्वी मेंदूतील पीनियल ग्रंथीचाही विचार करायला हवा! अंधार पडल्यावर ही ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते आणि शरीराला रात्रीची वर्दी मिळते. वयात येताना ती वर्दी एक-दोन तास उशिरा मिळू लागते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात मेरी कार्सकाडन यांनी मुलांच्या लाळेतील मेलॅटोनिन मोजून हे दाखविले. झोपेची गरज मात्र ८ ते १० तासांचीच असते.

समजा, रात्री ११ वाजता डोळा लागला आणि सकाळच्या शाळेसाठी ५.३० ला उठलात. रोज निदान दीड तासाची उधारी. सहा दिवसांत ९ तास! रविवारी दुपारपर्यंत झोपून ती फेडू गेलात, तर शरीराचे घड्याळ आणखी मागे पडते. ते पुढे आणायला सकाळचे ऊन उपयोगी पडते. रात्री डोळ्यांपुढे धरलेला मोबाइल नेमके उलटे करतो.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत, असे ठरविले. घड्याळ मागे पडते ते मात्र मोठ्या मुलांचे. शाळेची वेळ बदलणे शिक्षकांच्या हाती नसेल. पण पहिल्या तासाला चाचणी न ठेवणे वेळापत्रकात सहज बसण्यासारखे आहे.