मालीश केव्हा करावी, केव्हा टाळावी?

मुलांनो, दिवसभर खेळून पाय दुखू लागले, की दादीजान कोमट तेलाने हलक्या हाताने मालीश करतात. थकलेले स्नायू सैल होतात. झोप छान लागते. पण प्रत्येक दुखण्यावर मालीश हा उपाय नव्हे. खेळताना पडून हात सुजला, तर तो चोळू नका. हाड मोडले असेल, तर इजा वाढेल. हात न हलवता कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. घरात कोणाची एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतते. अशा वेळी तेलाची वाटी पुढे आली, तर अदबीने सांगा, “दादीजान, आधी डॉक्टरांना दाखवू या.”