रजिस्टर ‘का’ सांगत नाही : बाईला विचारावं कसं, ऐकावं कसं



आपल्या गटाचं हजेरी रजिस्टर उघडा. समजा, एक ताई सलग तीन बैठकींना गैरहजर आहे. दंड लागला, हप्ताही थकला. रजिस्टर एवढंच सांगतं. ती का आली नाही, हे त्यात कुठेच नसतं. कदाचित तिनं खारघरला किंवा उलव्याला दोन घरची कामं धरली असतील आणि बैठकीची वेळ तीच कामाची वेळ असेल. कदाचित पाण्याचा टँकर त्याच वेळी येत असेल. नाहीतर हप्त्याचे पैसे जमले नाहीत म्हणून तोंड दाखवायची लाज वाटत असेल.

कारण कोणतं, त्यावर उपाय ठरतो. वेळेची अडचण असेल तर बैठक रात्री जेवणानंतर घेता येते. हप्त्याची असेल तर ठराव करून मुदत वाढवता येते. कारण समजून न घेता आपण नुसता दंड लावत गेलो, तर गटातून सगळ्यात आधी बाहेर पडते ती सगळ्यात गरजू बाई.

म्हणून या वेळचा पाठ माहिती गोळा करण्याबद्दल आहे.

दोन प्रकारची माहिती

‘किती’ या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळतं. किती सभासद, किती बचत, किती थकबाकी. त्याला संख्यात्मक माहिती म्हणतात. ‘का’ आणि ‘कसं’ या प्रश्नांची उत्तरं माणसांच्या बोलण्यातून आणि वागण्यातून मिळतात. त्याला गुणात्मक माहिती म्हणतात. दोन्ही लागतात. आकडा दुखणं कुठं आहे ते दाखवतो, ते दुखणं कशाचं आहे ते बोलल्यावर कळतं.

आपल्याच भागाचं बघा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं. मोबदला कुणाला? ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला. सातबाऱ्यावर बहुतेक नावं पुरुषांची. पण त्या जमिनीत भाताची लावणी, कापणी कोण करत होतं? मिठागरात घमेली कोण वाहत होतं? खाडीतून खुबे, कालवं, चिंबोऱ्या आणून घर कोण चालवत होतं? खाडी तर कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते. म्हणजे बाईचं काम गेलं, पण कागदावर तिचं काहीच गेलं नाही!

१९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाटा इथं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. त्यात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं. पण तो हिशेबही जमिनीचाच होता. जमीन गेल्यावर बाईच्या हातातला रोजचा पैसा कसा बदलला, हे कळायला त्या बायांनाच विचारावं लागेल. ज्यांना ते दिवस आठवतात, त्या आज आजी झाल्या आहेत. हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

बायांनी गोळा केलेली माहिती

‘हे शिकलेल्या लोकांचं काम’ असं कुणाला वाटत असेल, तर महाराष्ट्रातली तीन उदाहरणं देते.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी गावोगावच्या बायांच्या मदतीनं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावांतून १ लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. सासर, माहेर, भाऊ, कष्ट, दुःख, जे बाई कुणाला समोर बसून सांगणार नाही ते तिनं जात्याला सांगितलं होतं.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून मुलाखती घेतल्या. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालं. या बायांचं काम तोपर्यंत बहुतेक त्यांच्या आठवणीतच होतं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आधी कधी अशी तपासणी झालेल्या मात्र फक्त ८ टक्के होत्या. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. हा अभ्यास आकड्यांचा आहे, पण आपल्यासाठी धडा मोठा आहे. बाई तक्रार घेऊन येत नाही म्हणजे तिला त्रास नाही, असं समजू नये.

चार सोप्या पद्धती

१. मुलाखत. एकीशी निवांत बोलणं. ती कामात असेल तेव्हा जाऊ नका. सासू किंवा नवरा शेजारी असेल तर खाजगी विषय काढू नका. सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर तिच्या तोंडात घालू नका.

‘गटामुळे तुम्हाला फायदा झाला ना?’ याला ती ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी विचारा, ‘गटात आल्यापासून घरात काय बदललं? काय तसंच राहिलं?’

‘तुम्ही हप्ता का भरत नाही?’ हा प्रश्न नाही, आरोप झाला. त्याऐवजी, ‘मागचा महिना पैशाच्या बाबतीत कसा गेला?’ आपल्याला ‘का’ हवं असतं, पण तोंडावर ‘का’ विचारलं की माणूस सफाई द्यायला लागतो. म्हणून ‘कसं झालं, सांगाल?’ असं विचारावं. आणि ती थांबली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थोडं थांबा. पुष्कळदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते.

२. गटचर्चा. सहा ते दहा जणी, एक विषय, साधारण तासभर. एक ताई प्रश्न विचारेल, दुसरी लिहून घेईल. नेहमी बोलणाऱ्या दोघी-तिघीच बोलतात, तेव्हा गप्प बसलेल्या ताईकडे वळून ‘तुमच्याकडे कसं असतं?’ असं विचारा. शक्य असेल तर नव्या सुनांची आणि सासवांची चर्चा वेगवेगळी घ्या. मात्र नवऱ्याची दारू, मारहाण, आजारपण हे विषय गटचर्चेत नकोत. ते एकांतातच.

३. गावफेरी आणि निरीक्षण. बायांसोबत गावात फिरा आणि बघा. नळाला पाणी किती वाजता येतं, रांगेत कोण असतं, मासे सुकवायला जागा कुठं उरली आहे. लोक सांगतात एक आणि दिसतं दुसरं, असंही होतं. दोन्ही लिहून ठेवा.

४. चित्र काढून चर्चा. तुमच्यातल्या जुन्या ताईंनी गट सुरू होताना रांगोळीनं गावाचा नकाशा काढला असेल. तीच पद्धत. जमिनीवर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा. ज्या महिन्यात कमाई जास्त तिथं जास्त चिंचोके, कमी तिथं कमी. खर्चासाठी खडे वापरा. मग जून-जुलै बघा. मासेमारी बंद, आणि शाळेच्या वह्या-दप्तरांचा खर्च त्याच वेळी. हप्ता त्या दोन महिन्यांतच का थकतो हे कुणी न बोलताही दिसेल. ज्यांना लिहिता येत नाही त्या आजींनाही यात बरोबरीनं भाग घेता येतो.

हे नियम पाळायचेच

आधी परवानगी घ्या. कशासाठी विचारतोय, माहिती कुठं जाणार, हे साध्या शब्दांत सांगा. ‘नको’ म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे आणि नको म्हणाली म्हणून तिचं कर्ज अडवायचं नाही. मोबाईलवर आवाज टेप करायचा असेल तर वेगळं विचारा.

नाव लिहू नका. वहीत ‘ताई १’, ‘ताई २’ असं लिहा. गाव लहान असतं. ‘तीन मुलींची आई, मासे विकते’ एवढ्यावरूनही लोक ओळखतात. ऐकलेलं पाणवठ्यावर गेलं तर ती पुन्हा कधी बोलणार नाही आणि घरी तिला त्रास होईल तो वेगळाच.

शब्द तिचेच ठेवा. आगरी, कोळी बोलीत बोलली तर तसंच लिहा. शुद्ध करायला गेलो की अर्थ निसटतो. आपलं मत वेगळ्या रकान्यात लिहा.

खोटी आशा दाखवू नका. ‘सांगा, तुम्हाला कर्ज मिळवून देतो’ असं म्हटलं की उत्तर कर्जासाठी दिलं जातं.

पडताळून बघा. चार जणींच्या बोलण्यावरून ‘अख्खं गाव असं म्हणतं’ असं लिहू नये. एकच गोष्ट मुलाखतीत, गटचर्चेत आणि फेरीत तिन्हीकडे दिसली तर भरवसा वाढतो. वेगळी निघाली तर पुन्हा विचारा. गावाच्या टोकाची, कातकरी वाडीतली, भाड्यानं राहणारी, विधवा, या बायांपर्यंत मुद्दाम जा, नाहीतर माहिती फक्त रस्त्यालगतच्या घरांची होते.

शेवटी, माहिती परत द्या. जे समजलं ते नावं न घेता बैठकीत वाचून दाखवा आणि ‘बरोबर आहे का?’ विचारा. जिनं दिली तिची ती माहिती आहे.

या महिन्याचा अभ्यास

प्रत्येक गटानं दोन ताई निवडाव्यात. त्या अशा ताई असाव्यात ज्यांना सगळ्या जणी मनातलं सांगतात. अध्यक्ष किंवा सचिव शक्यतो नको, कारण कर्ज देणाऱ्यापुढे खरं बोलणं अवघड असतं. बैठकीला कमी येणाऱ्या तीन सभासदांना भेटायचं आणि एवढेच प्रश्न विचारायचे :

• तुमचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो?
• गटात येणं कधी सोपं जातं, कधी अवघड?
• गटानं काय बदललं तर तुम्हाला बरं पडेल?

दोन पानांत लिहा, नावं न घालता. पुढच्या मासिक बैठकीत वाचा आणि त्यावर निदान एक ठराव करा, मग तो बैठकीच्या वेळेचा असो, हप्त्याच्या तारखेचा असो की दंडाचा. ठराव झाला की त्या तिघींना घरी जाऊन सांगा. त्यांच्या बोलण्यानं काहीतरी हललं हे त्यांना कळलं, तर पुढच्या वेळी त्या स्वतःहून बोलतील.