भीड, घाई आणि भाड्याची खोली

प्रथम वर्षाला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाच्या यादीत माझे नाव नव्हते. अण्णा आणि मी पहाटेच्या एस.टी.ने निघून स्वारगेटला उतरलो आणि गावाकडच्या एकाने सांगितलेल्या एजंटाकडे गेलो. त्याने सदाशिव पेठेतली एक खोली दाखविली. "काका, खाली दोन पार्ट्या थांबल्यात. आत्ता टोकन दिलंत तरच खोली तुमची," तो म्हणाला. अण्णांनी बियाणे-खतासाठी ठेवलेले पाच हजार रुपये बंडीच्या खिशातून काढून दिले. पावती मागावी असे माझ्या मनात आले होते. पण तसे मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे वाटून मी गप्प राहिले.

चौथ्या दिवशी सामान घेऊन गेलो, तर खोलीत दुसरेच बिऱ्हाड होते. एजंट म्हणाला, "कसलं टोकन?" त्या वर्षी आमची पेरणी उधारीच्या बियाण्यावर झाली. परतीच्या गाडीत अण्णा एवढेच बोलले, "आपल्याला कळत नाही गं, म्हणून असं होतं."

हे वाक्य मला फार लागले. पुढे या विषयाची जमेल तेवढी माहिती काढली, तेव्हा ध्यानात आले की आम्हाला कळत नव्हते हे अर्धेच खरे. आम्हाला घाई केली गेली आणि आम्ही भीड धरली. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत.

एजंटाचे दडपण बहुधा तीन वाक्यांत येते. "आजच सांगा." "कागदाचं काय, माणुसकी महत्त्वाची." "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही." पहिल्या दोन वाक्यांना धीराने उत्तर देता येते. तिसऱ्यासाठी मात्र कायदा माहीत हवा.

१९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातूनच अकरा महिन्यांची प्रथा रुळली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे आपल्या राज्यात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. शिवाय असा करार नसेल तर अटींबाबत भाड्याने राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणीचा आग्रह धरणे यात उद्धटपणा नाही. त्यात मालकाचेही हित आहे.

घरमालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठविली आणि भाडेकरूंना मोठे संरक्षण दिले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे हक्क मिळाले. एकदा आलेला माणूस जागा सोडणार नाही, ही भीती अनेक घरांत तेव्हापासून आहे. आज मात्र लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. तेव्हा मुदतीत जागा सोडणे हे आपले कर्तव्य आहे.

दुसऱ्या वेळी मी आणि दोन मैत्रिणींनी मिळून खोली शोधली. एजंट घाई करू लागला की मी म्हणत असे, "काका, उद्या अकरा वाजता घरी विचारून सांगते. टोकन आजच हवं असेल तर पावती द्या." अशाने दोन खोल्या हातच्या गेल्या, हे कबूल केले पाहिजे. तिसरी मिळाली. अनामत रक्कम बँकेतून दिली, दलाली करार झाल्यावरच दिली. विजेच्या मीटरचा आकडा आणि भिंतींची ओल यांचे फोटो पहिल्याच दिवशी काढून मालकीणबाईंना पाठविले.

डिसेंबरात त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून दीड हजार जास्त द्या, नाहीतर खोली रिकामी करा." आम्ही तिघी रात्रभर घाबरलो. सकाळी करार काढून वाचला आणि खाली जाऊन सांगितले, "काकू, करारात अकरा महिन्यांचं भाडं ठरलंय. मुदत संपली की वाढीचं नक्की बोलू." काकू चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच आमटी पाठविली आणि सासऱ्यांच्या वाड्यातल्या, वर्षानुवर्षे जुन्याच भाड्यात राहिलेल्या बिऱ्हाडांची हकीकत सांगितली. त्यांनाही भीतीच होती. करारामुळे त्यांची आणि आमची, दोघांचीही भीती कमी झाली.

मुदत संपल्यावर भाडे सहाशेने वाढवून नवा करार झाला. त्याला साक्षीदार म्हणून अण्णा आले होते. पीककर्जापासून माझ्या शाळेच्या अर्जापर्यंत, 'इथे सही करा' म्हटले की सही करणारा हा माणूस. या वेळी त्यांनी मला सगळा करार मोठ्याने वाचायला लावला आणि मध्ये तीन वेळा थांबवून अर्थ विचारला. करार करून देणारा माणूस घड्याळ पाहत होता. अण्णा म्हणाले, "थांबा जरा, पोरगी वाचतीय."

जूनमध्ये पुन्हा कितीतरी मुलेमुली पालकांबरोबर पिशव्या घेऊन स्वारगेटला उतरतील. आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर नमुन्याचा एक करार लावावा, आणि द्वितीय-तृतीय वर्षाच्या आपल्यापैकी कुणीतरी खोली पाहायला त्यांच्याबरोबर जावे, अशी प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. सोबत मी येईन.