पिल्लू नर की मादी? परसातील कोंबडीपालनाचा पहिला धडा

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याची ओळख आज हळदीचा जिल्हा अशी आहे. परंतु हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत या पाचही तालुक्यांतील खेड्यांत आणखी एक लहानसा हिशेब चालतो. तो म्हणजे खुराड्यातील कोंबड्यांचा. हळदीचे पैसे हंगामातून एकदा येतात. अंड्यांचे पैसे दर आठवडी बाजाराला येतात आणि ते मीठमिरची, वह्या-पेन्सिली व औषधपाणी यांसाठी गृहिणीच्या हाती राहतात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसात पाळलेले होते. यावरून या हिशेबाचे महत्त्व ध्यानात येईल.

हा हिशेब अनेकदा पहिल्याच दिवशी चुकतो. घरात आलेली सर्व पिल्ले पुढे अंडी देतील असे गृहीत धरले जाते. चार-पाच महिन्यांनी निम्मी पिल्ले आरवू लागतात आणि मग दोष नशिबाला किंवा सांभाळणारीच्या हाताला दिला जातो. प्रत्यक्षात हा दोष कोणाचाच नसतो.

लिंग अंड्यातच ठरते

मनुष्यप्राण्यात अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असते. पक्ष्यांत नेमके उलट आहे. कोंबड्याची दोन्ही लिंगगुणसूत्रे ‘झेड’ असतात. कोंबडीचे एक ‘झेड’ व दुसरे ‘डब्ल्यू’ असते. कोंबडीच्या बीजात यांपैकी कोणते उतरले, यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते आणि ते अंडे घातले जाण्यापूर्वीच ठरलेले असते. टोकदार अंड्यातून नर व गोलसर अंड्यातून मादी निघते, किंवा अंड्यावर दोऱ्याने अंगठी टांगली असता तिच्या फिरण्यावरून लिंग कळते, या समजुतींना म्हणूनच आधार नाही.

नर व मादी यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे निम्मे-निम्मे असते. शंभर मिश्र पिल्लांत माद्या चाळीस ते साठच्या दरम्यान निघणे स्वाभाविक होय. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या दहाच पिल्लांत मात्र हे प्रमाण बरेच हलते. अशा सहा वेळांपैकी सुमारे एका वेळी माद्या तीन किंवा त्याहून कमी निघतात. त्यात अपशकुन कसला नाही. तो केवळ गणिताचा भाग आहे.

पहिल्या दिवशी काय कळते?

गावरान पिल्लाचे लिंग पहिल्या दिवशी नुसत्या नजरेने ओळखता येत नाही. १९२० च्या दशकात जपानमधील शास्त्रज्ञांनी पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतील बारीक उंचवट्यावरून लिंग ओळखण्याची पद्धत प्रचारात आणली. मोठ्या उबवणी केंद्रांत प्रशिक्षित माणसे हे काम करतात. अननुभवी हाताने तसे करू जाता पिल्लास इजा होते. तेव्हा घरी हा प्रयोग करू नये.

दुसरी पद्धत पंखांची. काही विशिष्ट संकरांत मादी पिल्लाची पंखातील मोठी पिसे वरच्या आच्छादक पिसांहून लांब असतात, तर नरात ती सारखी किंवा आखूड असतात. तिसरी पद्धत रंगाची. ऱ्होड आयलंड रेड नर आणि पट्टेदार प्लायमाऊथ रॉक मादी यांच्या संकरात नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. मादीच्या डोक्यावर तो नसतो. या दोन्ही खुणा ठरावीक जातींच्या ठरावीक जोडीपुरत्याच खऱ्या आहेत. मिश्र रक्ताच्या गावरान पिल्लांना त्या लागू पडत नाहीत.

वाढत्या वयाच्या खुणा

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून नराचा तुरा मोठा व लालसर होऊ लागतो, पाय जाड दिसतात. तरीही घाईने निर्णय करू नये. जातीनुसार फरक पडतो. आठ ते बारा आठवड्यांच्या दरम्यान मान व कंबरेवरील पिसे पाहावीत. नराची ही पिसे अरुंद, टोकदार व चकाकणारी, तर मादीची रुंद व गोल टोकाची असतात. हीच सर्वांत भरवशाची खूण होय.

राज्य शासनाच्या कुक्कुट विकास योजनेत एक दिवस वयाच्या १०० मिश्र पिल्लांचा गट आणि आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ तलंगा व ३ नर यांचा गट, असे दोन प्रकार ठेवण्यात आले. दुसऱ्या प्रकारात वय आठ-दहा आठवडे का, याचे एक उत्तर वरील खुणांत सापडते. मिश्र गट घेणाऱ्या कुटुंबाने नर मांसासाठी विकण्याचे नियोजन आधीच करावे.

जातीची ओळख

हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया या जाती रंगीबेरंगी असून गावरान कोंबडीसारख्याच दिसतात. ग्रामप्रिया मुख्यत्वे अंड्यांसाठी, तर वनराजा अंडी व मांस या दोहोंसाठी आहे. या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी उबवायची तर गावरान कोंबडी हवी. शिवाय त्यांच्या पुढच्या पिढीत मूळचे गुण तसेच उतरत नाहीत.

मध्य प्रदेशातील झाबुआची कडकनाथ ही जात २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनाने गौरविली गेली. तिचे पिल्लू निळसर ते काळे असून पाठीवर गडद, अनियमित पट्टे असतात. कातडी, जीभ व हाडेही काळपट असतात. अंडे मात्र काळे नसते, ते फिकट तपकिरी असते. काळे अंडे दाखवून कोणी कडकनाथ विकत असेल तर सावध व्हावे. सांगली जिल्ह्यात २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या कडकनाथ पालनातील फसवणुकीच्या प्रकरणाने, केवळ नावावर विश्वास ठेवण्याची किंमत किती मोठी असते हे दाखवून दिले आहे.

आपण काय करावे?

ग्रामपंचायत सदस्यांनी लाभार्थींना गट मिश्र आहे की तलंगांचा, हे वाटपापूर्वीच ग्रामसभेत स्पष्ट सांगावे. फेरीवाल्याकडून, विशेषतः रंगविलेली पिल्ले घेण्याऐवजी मान्यताप्राप्त उबवणी केंद्राची पावती, जात व लसीकरणाची नोंद घेऊन पिल्ले आणावीत. शंका असल्यास पशुवैद्यकीय दवाखाना किंवा कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी. शिक्षकांनी मुलांना घरच्या पिल्लांची दर आठवड्याला तुरा, पाय व पिसे अशी नोंद ठेवण्यास सांगावे. गुणसूत्रांचा धडा याहून सोप्या रीतीने शिकविता येणार नाही, आणि मुलगी झाली म्हणून आईला दोष देणे किती निराधार आहे, हेही त्याच ओघात मुलांना उमजेल.

पिल्लाचे लिंग बदलणे आपल्या हाती नाही. परंतु त्याविषयीचा हिशेब आधीच नीट मांडणे आपल्या हाती आहे. तो मांडला तर बारा आठवड्यांनंतर खुराड्याचे दार उघडताना त्या गृहिणीच्या पदरी निराशा येणार नाही.