लांबलेल्या कानांचे अलंकार
(द्वितीय वर्ष, कला)

कान टोचल्यावर भोक बुजू नये म्हणून आपल्याकडे कडुनिंबाची काडी घालतात. पुढे तिच्या जागी कुडी किंवा बाळी येते. काही समाजांत मात्र हेच भोक हळूहळू वाढवून पाळी लांबविण्याची रीत होती. पाळीत कूर्चा नसते, म्हणून ती ताणली जाते. घाई केली तर फाटते. अशा कानांसाठी घडविलेल्या अलंकारांचे मला तीन प्रकार दिसतात.

पहिला, भोक वाढविणारा. दक्षिणेत ताडाच्या पानाची घट्ट गुंडाळी भोकात घालीत. ती आपोआप उलगडू पाहते व भोक रुंदावते. मग आणखी मोठी गुंडाळी घालायची. तमिळ ‘ओलै’ म्हणजे ताडाचे पान, तर कानडीत ‘ओले’ हे कर्णभूषणाचेच नाव आहे.

दुसरा, भोक भरणारा. ही जाड चकती असते. दोऱ्याच्या रिळाप्रमाणे तिच्या कडेला खाच असते आणि त्या खाचेत पाळी बसते. आकडा किंवा फिरकी लागत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील स्त्रियांच्या कानांत असेच मोठे, जड अलंकार कोरलेले आहेत.

तिसरा, भोकातून लोंबणारा. तमिळनाडूच्या दक्षिण भागातील वृद्ध स्त्रियांचे ‘पांबडम’ व ‘तंडट्टी’ हे अलंकार यात येतात. गोल, चौकोनी आकारांचे तुकडे जोडून ते घडवितात. वर सोन्याचा पत्रा, आत लाख. पुढे लहान कर्णफुलांची आवड आली. अनेकींनी हे दागिने मोडले, काहींनी लांबलेली पाळी कापून शिवून घेतली.

अशा कानांना कोणी ‘रानटी’ म्हटले की मला ते पटत नाही. जड कर्णभूषणांचा भार पेलण्यासाठी आपल्या बायकाही मोत्यांचे वेल केसांत अडकवितातच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. तिची बुगडी व कुडी १९७२ च्या दुष्काळात मोडली गेली. दागिने गेले, पण कानाच्या वरच्या कडेचे भोक आणि ओघळलेली पाळी अजून आहे. घरातील त्या वर्षाची दुसरी नोंद कोठेही नाही.

अजिंठ्याच्या बुद्धमूर्तींचे कान असेच लांब आणि रिकामे आहेत. राजपुत्राने जड कुंडले उतरविली, त्याची ती खूण, असा अर्थ सांगितला जातो. तेथे दागिना स्वेच्छेने उतरला. आजीचा गरजेपोटी उतरला. कान मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच प्रामाणिकपणे सांगतो.

माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे: सुट्टीत घरी गेल्यावर आजीच्या कानांतील प्रत्येक भोकाचे व दागिन्याचे नाव विचारून लिहून ठेवावे. आपल्या घराण्यांचा इतिहास अजून कागदावर आलेला नाही; तो तेथे आहे.